भारतात हृदयविकार का वाढतो आहे, आणि तो इतक्या लवकर का येतो?

‘वय अवघं ४६, अंगाने सडपातळ, दिवसभर राबणारा माणूस; मग हार्ट अटॅक आला कसा?’ पेशंटचे नातेवाईक हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारतात. हा आजार म्हातारपणाचा, लठ्ठ माणसांचा आणि बसून खाणाऱ्यांचा, अशी समजूत या प्रश्नामागे असते. भारतापुरते बोलायचे तर ही समजूत अर्धवट खरी आहे, आणि तिच्यामुळेच निदानाला उशीर होतो. भारतातला हृदयविकार थोडा वेगळा का वागतो आणि घरच्यांनी नेमके कशाकडे लक्ष द्यायचे, ते या लेखात पाहू.

आधी शब्द नीट समजून घेऊ

हृदय हा एक स्नायू आहे. इतर स्नायूंप्रमाणे त्यालाही रक्त लागते आणि ते करोनरी नावाच्या रक्तवाहिन्यांतून मिळते. या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबी साचते. याला आपण बोलताना ‘ब्लॉकेज’ म्हणतो. हा थर एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी अचानक बंद होते. त्यापुढच्या भागाला रक्त मिळेनासे होऊन स्नायू मरू लागतो, तो हार्ट अटॅक.

ब्लॉकेज लहान असले तरी ते फुटू शकते. म्हणून ‘गेल्या वर्षी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती’ असे असूनही अटॅक येऊ शकतो. हृदय ठोके द्यायचेच अचानक थांबते तो कार्डियाक अरेस्ट, आणि पंप कमजोर होऊन पायांवर सूज, चालताना धाप अशी लक्षणे येतात ते हार्ट फेल्युअर. मृत्यूच्या दाखल्यावर आणि बातम्यांत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण तिन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत.

आकडे काय सांगतात

१९९० साली भारतात होणाऱ्या दर १०० मृत्यूंपैकी साधारण १५ मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी, म्हणजे हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरेंनी होत होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण २८ वर गेले. याच काळात अशा रुग्णांची संख्या सुमारे २ कोटी ५७ लाखांवरून ५ कोटी ४५ लाखांवर पोहोचली. केरळ, पंजाब आणि तमिळनाडूत हे आजार सर्वांत जास्त आढळले, पण वाढ सगळ्याच राज्यांत आहे.

या वाढीतला काही भाग चांगल्या बातमीचा आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आता ते ७० च्या घरात आहे. जुलाब, क्षय, देवी, बाळंतपण यांतून माणसे वाचली, तेव्हा कुठे हृदयविकार होण्याइतकी जगली.

पण हे उत्तर पुरेसे नाही. २०१६ मध्ये या आजारांनी गेलेल्या भारतीयांपैकी निम्म्याहून अधिक जण सत्तरीच्या आतले होते. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक आला तेव्हाचे मध्यम वय ५३ निघाले, इतर देशांत ते ५९ च्या जवळ होते. म्हणजे घरातला कमावता माणूस, मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते चालू असतानाच, आजारी पडतो. पाश्चात्त्य देशांतही ही लाट येऊन गेली. अमेरिकेत तर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हृदयविकाराचे मृत्यू उतरू लागले. आपण मात्र अजून चढावर आहोत.

सडपातळ माणसाच्या पोटातली चरबी

याचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्यातून आले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे होते ३.५ किलो. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि आतले अवयव. दिसायला बारीक पण चरबीने भरलेले, असे हे शरीर जन्मापासूनच असते.

याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि स्वतः यांची तुलना करून हे छान दाखवले होते. उंची-वजनाच्या हिशेबाने येणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी नॉर्मल. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिक यांची २१ टक्के!

ही चरबी मुख्यतः पोटात, यकृताभोवती साठते. तिच्यामुळे इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, साखर वाढते, ट्रायग्लिसराइड वाढतात आणि एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल उतरते. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरे बोलते. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण पोट सुटलेले बहुतेक पुरुष पँट पोटाखाली बांधतात.

अशा शरीराला कमी खाऊन जास्त राबायची सवय होती. गेल्या दोन पिढ्यांत सायकलची मोटारसायकल झाली, शेतात ट्रॅक्टर आला, भाकरीच्या जोडीला बिस्किटे, फरसाण आणि दिवसाला पाच-सहा साखरेचे चहा आले. खाण्यातला हा बदल श्रीमंतांपुरता राहिला नाही, कारण आज सर्वांत स्वस्त मिळते ते मैदा, साखर आणि तेल हेच.

तंबाखू, मीठ, तेल

इंटरहार्ट अभ्यासाने दाखवले की पहिल्या हार्ट अटॅकचा ९० टक्क्यांहून अधिक धोका नऊ गोष्टींत मावतो: तंबाखू, बिघडलेले कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू. बहुतेक गोष्टी मोजता येतात किंवा बदलता येतात.

महाराष्ट्रात तंबाखूविषयी वेगळे बोलायला हवे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, पण विडी-सिगारेट ओढणारे ४ टक्क्यांच्या आतच होते. उरलेला सगळा तंबाखू तोंडातला: चुना लावून मळलेला, गुटख्यातला, मावा-खऱ्यातला आणि बायकांच्या मिश्रीतला. ‘व्यसन आहे का?’ असे विचारले की अनेक जण नाही म्हणतात, कारण मिश्रीला घरात कुणी व्यसन समजतच नाही. कर्करोगाची भीती सगळ्यांना माहीत असते. तोंडातून जाणारे निकोटिन नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवते, हे फारसे कुणी सांगत नाही. डॉक्टरांना सांगताना मिश्री, तपकीर, सगळे सांगा.

मिठाची शिफारस दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. यात लोणचे, पापड, चटणी, फरसाण, बेकरीचे पदार्थ सगळे आले. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत बंद केली तरी सुरुवात होते. सैंधव किंवा गुलाबी मीठ हेही मीठच आहे.

तेल कोणते, यावर घरात जितका वाद होतो तितका ते किती, यावर होत नाही. माणशी महिन्याला अर्धा लिटर हा हिशेब सोपा पडतो. चार जणांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर तेल शेंगदाण्याचे की सूर्यफुलाचे हा प्रश्न नंतरचा. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलेच झाले. मात्र गाडीवरच्या कढईत दिवसभर उकळणाऱ्या त्याच त्या तेलावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न राहतोच.

न मोजलेला रक्तदाब

एकच गोष्ट करायची झाली तर कोणती, असे कुणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे: तिशीनंतर घरातल्या प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार भारतात सुमारे ३१ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आणि १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यातल्या फार मोठ्या संख्येला आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नाही, कारण बी.पी. वाढल्याने बहुतेकांना काहीच होत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे ही त्याची लक्षणे असतात असे मानून लोक त्यांची वाट पाहत बसतात.

मोजायचेही एक तंत्र आहे. पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दोनदा मोजा. जिना चढून आल्या आल्या घेतलेल्या आकड्यावर औषध सुरू करू नये आणि भांडणही करू नये. वेगवेगळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक येत असेल, तर तो उच्च रक्तदाब. घरच्या मशीनवर ही सीमा १३५/८५ धरतात.

पुढची अडचण गोळीची. ‘एकदा सुरू झाली की आयुष्यभर घ्यावी लागते’ या भीतीने अनेक जण ती सुरूच करत नाहीत, आणि ‘आता बी.पी. नॉर्मल आहे’ म्हणून अनेक जण बंद करतात. बी.पी. नॉर्मल आहे ते गोळीमुळे. चष्मा लावल्यावर नीट दिसते म्हणून कुणी चष्मा फेकून देत नाही. वजन आणि मीठ कमी झाल्यावर गोळीचा डोस कमी करता येतो, काही वेळा ती बंदही होते; फक्त ते डॉक्टरांनी मोजून करायचे. रक्तदाबाच्या साध्या गोळ्या स्वस्त आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या काही राज्यांत होता.

धोका श्रीमंताला जास्त, मृत्यू गरिबाला

जगातल्या अनेक देशांतल्या लोकांना वर्षानुवर्षे तपासत राहणाऱ्या ‘प्युअर’ नावाच्या अभ्यासात एक विचित्र गोष्ट दिसली. श्रीमंत देशांतल्या लोकांत कोलेस्टेरॉल, वजन यांसारखी धोक्याची कारणे जास्त होती, पण हार्ट अटॅक-पक्षाघात आणि त्यांतले मृत्यू भारतासारख्या कमी उत्पन्नाच्या देशांत जास्त होते. याच अभ्यासातून हेही दिसले की हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर दहा जणांपैकी आठ जण कमी उत्पन्नाच्या देशांत एकही आवश्यक औषध घेत नव्हते. श्रीमंत देशांत असे लोक दहात एकच होते.

भारतातल्याच ५० शहरांतल्या सुमारे २० हजार हृदयरुग्णांची ‘क्रिएट’ नावाची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ होता ३६० मिनिटे. म्हणजे निम्म्या लोकांना सहा तासांहून जास्त वेळ लागला. ३० दिवसांच्या आत मृत्यू आलेल्यांचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के तर गरिबांत ८.२ टक्के होते. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत नाहीशी झाली. याचा अर्थ गरिबाचे हृदय वेगळे नव्हते, त्याला मिळालेले औषध कमी होते.

छातीत दुखू लागले तर

छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, आवळल्यासारखे वाटणे, ते डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत जाणे, त्याबरोबर थंड घाम, मळमळ, धाप. हे १०-१५ मिनिटांहून जास्त टिकले तर अटॅक समजूनच हालचाल करा. वेदना पोटाच्या वरच्या भागातही असू शकते आणि ढेकर आल्यावर थोडे बरेही वाटू शकते. ‘गॅस झालाय’ असे म्हणून सोडा, ओवा, ॲसिडिटीची गोळी, मग थोडे झोपून पाहू, या क्रमात पहाटेचे चार तास सहज जातात.

स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना काही वेळा छातीत फारसे दुखतही नाही. अचानक आलेला थकवा, धाप, घाम, उलटी, जबड्यात कळ एवढेच असू शकते. शिवाय घरातली बाई स्वतःसाठी रात्री गाडी काढायला सांगत नाही. तिच्या कपाळावर घाम दिसला तर घरच्यांनीच ठरवायचे.

१०८ वर फोन करा. रुग्णाने स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये, जिने चढू नयेत. ॲस्पिरिनची ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची गोळी (७५ च्या असल्या तर चार) चावून खायला द्या. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातून रक्तस्राव, काळी शौच, किंवा तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे अशी पक्षाघाताची चिन्हे असतील तर मात्र देऊ नका. जिभेखालची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याच्या डब्यातून आणून देण्याची पद्धत सर्रास आहे. ती गुठळी विरघळवत नाही, आणि आधीच रक्तदाब उतरलेला असेल तर रुग्ण कोसळू शकतो. डॉक्टरांनी त्याच रुग्णाला लिहून दिलेली असेल तरच ती वापरा.

जोराने खोकत राहिल्याने अटॅक टळतो, असा संदेश दर काही महिन्यांनी फोनवर फिरतो. त्यात तथ्य नाही.

माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर तोंडावर पाणी मारण्यात, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. जमिनीवर उताणा झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत.

कुठे न्यायचे? जिथे लवकर ईसीजी निघेल तिथे. पोहोचल्यावर १० मिनिटांत तो निघायला हवा, आणि तसे मागायला संकोच नको. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी जाऊ नका. थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी लागते. मोठा अटॅक असेल तर बंद वाहिनी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. दोन तासांच्या आत होणार असेल तर थेट अँजिओप्लास्टी उत्तम. तालुक्याच्या गावातून मोठ्या शहरात पोहोचायलाच तेवढा वेळ लागणार असेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच घेऊन मग पुढे जाणे शहाणपणाचे. हे इंजेक्शन पहिल्या १२ तासांत देता येते, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. ‘इथे काही करू नका, आम्ही थेट मोठ्या दवाखान्यात नेतो’ हा निर्णय घेण्याआधी तिथल्या डॉक्टरांना एवढे विचारा: इंजेक्शन इथे देता येईल का?

खर्चाचे काय

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध असलेला स्टेंट, जो तोवर अनेक ठिकाणी लाखाच्या वर लावला जात होता, तो सुमारे ३० हजारांवर आला. पुढे ही मर्यादा थोडी वाढली. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली असावी, ती पाहा. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही येतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. रुग्णाला तातडीच्या विभागात पोहोचवून एकाने रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट त्यांच्याकडे जावे, पैसे भरून झाल्यावर नव्हे. म्हणून ही दोन कागदपत्रे बी.पी.च्या फाइलमध्येच ठेवलेली बरी.

अटॅक येऊन गेल्यानंतर

स्टेंट टाकला म्हणजे आजार बरा झाला, असे नाही. एका जागचा अडथळा काढला, वाहिन्या त्याच आहेत. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर चालतात. त्या मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला, कुणी आयुर्वेदिक काढा सुरू करायला सांगितला, किंवा लांबच्या यात्रेला निघायचे असले, तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन ही गोळी रिपोर्ट नॉर्मल आला तरी चालूच राहते. तिचे काम आकडा उतरवण्याबरोबर जुने थर शांत ठेवण्याचेही आहे. स्नायू फार दुखत असतील तर परस्पर बंद न करता सांगा, डोस किंवा औषध बदलता येते.

घरी आल्यावर ‘आता काही उचलू नका, चालू नका’ असे सांगून माणसाला खाटेवर बसवून ठेवू नका. बहुतेकांना डॉक्टर पहिल्या आठवड्यापासूनच सपाट जागी थोडे थोडे चालायला सांगतात. झोप उडणे, चिडचिड, पुन्हा अटॅक येईल अशी भीती हे फार जणांना होते आणि त्यालाही उपचार आहेत.

आणखी एक काम घरच्यांचे. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर बाकीच्या सख्ख्या भावंडांना आणि सज्ञान मुलांनाही जोखीम जास्त असते. रुग्ण अजून वॉर्डात असतानाच भेटायला आलेल्या भावांचा रक्तदाब आणि पोटाचा घेर मोजून घ्या, आणि पुढच्या आठवड्यात उपाशीपोटी साखर व कोलेस्टेरॉलची तपासणी करून घ्यायला सांगा. महिना गेला की ते राहून जाते.